भाजलेली भुलाबाई

आमच्या घरात बायकांनी चाकाला हात लावायचा नाही, असा नेम होता. माठ, रांजण, पणत्या, जे जे गरगर फिरून होतं ते पुरुषांचं. आणि जे मांडी घालून बोटांनी करायचं ते आमचं. पोळ्याचे बैल आमचे, भादव्यातल्या भुलाबाया आमच्या. मला या नेमाचं कधी वाईट वाटलं नाही. चाकावर बसणाऱ्याची कंबर ऐन उमेदीत जाते, आणि वर बायकोनं ती रोज चोळून द्यायची. तो मान त्यांनाच लखलाभ होवो.

भुलाबाया करायला मला सासूनं शिकवलं. माझी सासू झुंबरबाई. धाड गावच्या बाजारात तिच्या जिभेला घाबरत नाही असा एकच जीव होता, आमचं गाढव, आणि ते बहिरं होतं. पण बोटं अशी, की ओल्या मातीच्या गोळ्याला नुसता चिमटा काढला की नाक होई आणि नखानं दोन रेघा ओढल्या की बाई डोळे उघडून आपल्याकडं बघायला लागे. माझ्या हातची भुलाबाई ती उचलून धरायची आणि म्हणायची, "काय वो वच्छला, हे पार्वती हाये का भरताचं वांगं?" मग ती मलाच मोडायला लावायची. एकीची मूर्ती दुसरीनं मोडायची नाही, हाही एक नेम. जिनं केली तिनंच आपल्या हातानं मोडून चिखलाच्या खड्ड्यात टाकायची.

ज्यांच्याकडं भुलाबाई मांडत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. भादव्याच्या पुनवेला मुली मातीची भुलाबाई मांडतात, शेजारी तिच्या नवऱ्याला, भुलोजीला बसवतात, आणि महिनाभर रोज दिवेलागणीला तिच्यापुढं गाणी म्हणतात. पार्वती माहेरी आली आहे, तिचे लाड करायचे. कोजागिरी झाली की दुसऱ्या सकाळी दोघांना नदीत सोडायचं. माती विरते, माहेरपण संपतं, बाई सासरी जाते.

म्हणून भुलाबाई कच्ची ठेवायची. उन्हात वाळवायची, खडूनं पांढरी करायची, कावेनं लाल लुगडं रंगवायचं, काजळानं डोळे काढायचे, पण आव्यात घालायची नाही. आवा म्हणजे आमची भट्टी. मडक्यांची रास रचून तिच्यावर गोवऱ्या आणि पाचट घालायचं, वरून राखेनं लिंपायचं आणि पेटवून द्यायचं. लग्न होऊन नवी आले तेव्हा मी शहाणपणा करायला गेले होते. म्हटलं, "आत्याबाई, आव्यातून एकदा काढली तं किती पक्की होईन! पोरी दरसाल तेच वापरतीन."

तिच्या हातातला गोळा खाली पडला. "पक्की झाली तं पाण्यात विरन का? आन् विरली नाही तं जाईन कशी?" ती म्हणाली. "तिले न्याले आलेलं पाणी रिकाम्या हातानं परत जात नसते. समजलं?"

मी तोंडात पदर कोंबून हसले होते. नव्या सुनेला घाबरवायच्या गोष्टी प्रत्येक घरात असतात, आमच्या घरातली ही.

अनसा माझी नणंद, झुंबरबाईची एकुलती एक लेक. नणंदा जशा असतात तशी ती मुळीच नव्हती. सासूची बोलणी मला बसायला लागली की ही चुलीमागून डोळे मिचकावायची. डावखुरी, कामचुकार, आणि एकदा हसायला लागली की आवरता येत नसे. डाव्या भुवईत तिच्या एक खाच होती, लहानपणी रांजणाच्या काठावर आपटली होती. तिला मोगलाईत दिली होती. आमच्या गावापासून मोगलाई ती काय, थोडी शेतं ओलांडली की निजामाची हद्द लागते. पण लेक दिली की ते अंतर वेगळं होतं. दर भादव्यात अनसा भुलाबाईसारखी माहेरी यायची आणि कोजागिरी झाली की जायची.

मानमोडीच्या तापाच्या वर्षीही ती आली होती. मी त्या कोजागिरीला माझ्या माहेरी मोताळ्याकडं गेले होते, म्हणून तिची पाठवणी मी पाहिली नाही. मी परत आले आणि मागोमाग ती साथ आली. सकाळी शिंकलेलं माणूस दोन दिवसांत तिरडीवर. धाडला तेच, मोताळ्याला तेच, दुसरबिडाकडं तेच. मोगलाईतून अनसाचा निरोप आला तेव्हा तिची राख सावडूनसुद्धा झाली होती. झुंबरबाई रडली नाही. ती विझलेल्या आव्यापाशी जाऊन बसली आणि काठीनं राख उकरत राहिली. त्या दिवसापासून ती मला एकदाही टोचून बोलली नाही. त्या जिभेची मला इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या भादव्यात तिनं आमच्या घरच्या मांडणीसाठी भुलाबाई केली. माझ्या लेकीसाठी, यमीसाठी. यमी तेव्हा पाच-सहा वर्षांची, गालांनी गुबगुबीत, आजीच्या पदराला चिकटलेली. मूर्ती वाळत ठेवली होती, तेव्हा मी जवळून पाहिली. रुंद हनुवटी, हसू दाबल्यासारखे ओठ, आणि डाव्या भुवईत नखानं घेतलेली खाच. ती अनसा होती, मी उचलायला नेलेला हात मागं घेतला. पण मला बरंही वाटलं. म्हटलं, म्हातारीचं मन हलकं होत असेल तर होऊ दे. महिनाभर लेकीला डोळे भरून बघेल आणि नदीत सोडताना मोकळेपणी रडेल. यमी रोज त्या मूर्तीला भाकरीचा पहिला घास दाखवायची, झोपताना तिच्या पायाला हात लावून यायची. "माही भुलाबाई" म्हणायची.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी झुंबरबाईनं मूर्ती फडक्यात गुंडाळून यमीच्या हातात दिली. मुली नदीवर गेल्या, सोडून आल्या. म्हातारी त्या दिवशी रडली नाही. उलट तिनं दुपारी मला हाक मारून विचारलं, "काऊन वो, भाजीत मीठ टाकलं होतं का समुद्र?" मी मनात देवाला हात जोडले. म्हटलं, आली ताळ्यावर.

मग आम्ही दिवाळीच्या पणत्यांचा आवा लावला. उघडायच्या दिवशी यमीचा बाप (त्याचं नाव मी घेत नाही, कधी घेतलं नाही) राख सारून पणत्या काढत होता आणि मी टोपल्या भरत होते. एक रांजण तोंडाला खापरी लावून ठेवलेला होता. मी खापरी काढली आणि आत हात घातला. आत भुलाबाई होती. रंग जळून गेला होता, अंग लालभडक झालं होतं, आणि चेहरा तर कच्च्यात होता त्याहून कोरीव दिसत होता. भुवईतली खाचसुद्धा धारदार झाली होती. नखानं टिचकी मारली तर चांगल्या माठासारखी ठणकन वाजली.

म्हणजे फडक्यात दुसरीच कुठली तरी भुलाबाई गेली होती.

झुंबरबाई माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या हातातून मूर्ती घेतली आणि पदराखाली धरली. "राहू दे," ती म्हणाली. "माह्या लेकीनं लय येरझाऱ्या केल्या. आता नाही जात ते कोठीच."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो पणत्या मोजायचं नाटक करत होता. आईपुढं त्याच्या तोंडाला नेहमीच कुलूप असे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी यमीला तेल चोळलं, उटणं लावलं आणि न्हाणीच्या दगडावर बसवून पाणी घातलं. खाली वाहिलं ते पाणी लाल होतं, काव कालवल्यासारखं. मी पुन्हा घातलं, पुन्हा लाल. कुंभाराच्या पोरीच्या अंगावर माती नसेल तर कुणाच्या असेल, असं म्हणत मी घासत राहिले. घरातलं तापवलेलं सगळं पाणी संपलं, तरी शेवटच्या तांब्यालासुद्धा तोच रंग होता. यमी कुडकुडत म्हणाली, "माय, बस ना वं, मले पातळ वाटते." पोरं काहीही बोलतात, म्हणून मी तिला फडक्यात गुंडाळून चुलीपाशी नेलं.

अंग पुसताना तिच्या दंडाकडं लक्ष गेलं. सरकारी माणसानं देवी टोचल्याचे वण तिथं असायचे, वाटाण्याएवढे. ते नव्हते. दंड गुळगुळीत होता. मी दुसरा दंड पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग स्वतःला समजावलं की वाढत्या अंगाचे वण भरून येतात. मनाला पटेल असं काहीतरी सांगायला मला तेव्हा फार चांगलं जमायचं.

पण रोज आंघोळीला तेच. बोटांच्या पेरांवरच्या घड्या पुसट झाल्या. कानाच्या पाळीला टोचलेलं भोक बुजलं. गुबगुबीत गाल बसले. आजारी पोराचे खप्पड होतात तसे नव्हेत, कुणी ओल्या हातानं सारवल्यासारखे. पोरगी जेवत होती, खेळत होती, ताप नाही, खोकला नाही. आणि सासूनं घरात कोनाड्यात बसवलेली ती भाजलेली बाई दिवसेंदिवस ठसठशीत होत होती. तिच्या हातांना मी कधी न पाहिलेल्या बारीक घड्या दिसू लागल्या. मूर्तीला हात लावला तर नुकती आव्यातून काढल्यासारखी ऊन लागे.

गौसियाबी आली तो बाजाराच्या आदला दिवस होता. रहेमतुल्ला मण्याराची ही बायको बांगड्यांची टोपली घेऊन आमच्या गल्लीत यायची आणि निम्म्या गावाच्या भानगडी सांगून जायची. यमीनं हिरव्या बांगड्या मागितल्या. गौसियाबीनं तिचा हात हातात घेतला, अंगठा आत दुमडला, आणि बांगडी चढवायला लागली. बडबड चालूच होती. मधेच तिनं यमीचा हात उजेडाकडं धरला.

बांगडी हातावर चढली नव्हती. हातात रुतली होती. पंजा तिच्या आत चेपला गेला होता आणि बांगडी सहज मनगटाशी जाऊन बसली होती. मागं हाताच्या पाठीवर गोल वळ उमटला, तो भरून यायला वेळ लागला. यमीला काही दुखलं नाही. ती बांगडी वाजवून बघत होती.

"या अल्ला," गौसियाबी हळूच म्हणाली. "वच्छला, मी उभा जनम बाया-पोरीयचे हात दाबून राह्यली. हातात हड्डी असते बेटी. ह्या पोरीच्या हातात हड्डी काऊन नाही लागत?" तिनं टोपली उचलली, उरलेल्या बांगड्या चढवल्याच नाहीत, आणि जाताना यमीकडं पाठ न करता दारापर्यंत गेली.

मी सरळ सासूकडं गेले. ती कोनाड्यापुढं बसून मूर्तीला तेल लावत होती. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हीच सांगतलं होतं. पाणी रिकाम्या हातानं जात नाही म्हून. थे माह्या यमीले नेऊन राह्यलं."

"पोरगी वाळली म्हून माह्या अनसावर घेतं का तू?"

"वाळली नाही, इरून राह्यली! तुमच्या डोयाले दिसत नाही का?"

"नाही दिसत," ती म्हणाली आणि तेल लावत राहिली. ती खोटं बोलत होती. यमी जवळ आली की ती दुसरीकडं बघायची, हे मी कितीदा पाहिलं होतं.

मी यमीची आंघोळ बंद केली. पण पोरांच्या अंगाला पाणी लागायचं थांबतं का? ती एकदा अंगणात पडली आणि रडली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते जिथून ओघळलं तिथं गालावर चर पडले. वाळूत पाण्यानं पडतात तसे. मी बोटांनी ते बुजवत बसले. माझ्याच पोरीचा गाल मी मातीसारखा लिंपत होते, आणि ओरडू शकत नव्हते, कारण मी ओरडले असते तर ती आणखी रडली असती. त्या दिवसापासून तिला रडू येऊ नये यासाठी मी काय काय नाही केलं! मागेल ते दिलं, नाचून दाखवलं, गाढवाचा आवाज काढला. नवरा म्हणाला, "तू येडी झाली का वं?" त्यालाही दिसत होतं. त्याच्या हाताखालून आयुष्यभर माती गेली होती. म्हणून तर तो पोरीला उचलून घ्यायचं टाळत होता.

एका दुपारी सासू डोळा लागून पडलेली बघून मी मूर्ती उचलली आणि नदीकडं धावत सुटले. मला एकच कळत होतं: हिची जागा पाण्यात आहे. डोहाच्या काठावर उभी राहून मी तिला जोरात भिरकावली. ती दगडासारखी बुडाली. पाणी निवळ होतं, तळाशी ती पडलेली दिसत होती. उताणी. चेहरा वर.

घरी आले तर यमी उंबऱ्यात बसली होती. तिचे केस ओले होते. अंगातलं झंपर चिंब होतं आणि तिच्याखाली लाल ओघळ आला होता. घरातल्या एकाही भांड्यातलं पाणी सांडलेलं नव्हतं. तिनं माझ्याकडं तोंड फिरवलं, आणि क्षणभर मला कळेना की हे तोंड आहे की पाठमोरं डोकं. नाक जवळजवळ उरलं नव्हतं. "माय," ती म्हणाली, "मी खाली पडून हावो. वरतून मासे चालले." "हावो" म्हणजे आहे. मला तिचा शब्द न् शब्द कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं.

मी परत कशी धावले ते मला आठवत नाही. मला पोहता येत नाही. लुगड्यासकट डोहात उतरले, गळ्यापर्यंत, मग नाकापर्यंत, आणि पायांनी चाचपत ती बाई वर काढली. काठावर बसून दगडावर तिला आपटायला हात उचललाही होता. पण पाण्यात टाकली तर पोरीची ही गत झाली, मग फोडल्यावर काय होईल? आणि दुसरीनं केलेली आपण मोडायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या नेमाची भीती वाटली. मी मूर्ती छातीशी धरली, पदरानं कोरडी पुसली आणि तिची मनधरणी करत, चक्क "अनसाबाई, चला ना घरी," असं म्हणत परत आणली.

दारात झुंबरबाई यमीला मांडीवर घेऊन बसली होती. बरेच दिवसांनी तिनं नातीला मांडीवर घेतलं होतं. पोरीचं अंग वाळू लागलं होतं, नाकाचा उंचवटा थोडा परत आला होता. म्हातारी तिला पुसत होती. पुसता पुसता, जन्मभराच्या सवयीनं असेल, तिनं गालावर अंगठा टेकला. माती कामाजोगी झाली की नाही हे आम्ही असंच बघतो, अंगठा दाबून.

अंगठा आत गेला.

तिनं हात झटकन काढून घेतला. यमीच्या गालावर अंगठ्याचा ठसा होता, त्यातल्या रेघांसकट. माझ्या सासूनं तो ठसा बघितला, मग स्वतःचा अंगठा बघितला. अंगठ्यावर लाल माती होती. तिनं ती दोन बोटांत चोळली. डोळ्यांनी बघायचं तिनं नाकारलं होतं, पण बोटांना खोटं सांगणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"कालवण चांगलं झालेलं हाये," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "चाकावर चढवाजोगं." आणि मग ती हंबरली. तसा आवाज मी पुन्हा कुठं ऐकला नाही.

उशीर तिनं केला नाही. उन्हं अजून अंगणात होती. तिनं उखळ ओढून आणलं, आत धुतलेलं फडकं अंथरलं. मूर्तीला पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं. अनसा सवाष्ण गेली होती. गहू, सुपारी, हळकुंड घेऊन तिनं लेकीची ओटी भरली. मग मला म्हणाली, "पोरीले घट धरून बस. काई झालं तं आवाज देजो, मी थांबीन."

"आन् तुम्ही थांबल्यावर काय होईन?" मी विचारलं. तिनं मुसळ जवळ ओढलं. नवरा भिंतीकडं तोंड करून उभा होता.

झुंबरबाई मूर्तीशी बोलायला लागली. आम्ही तिथं नसल्यासारखी.

"गेल्या सालच्या कोजागिरीले तू आव्यामागं माहे पाय धरले होते. म्हणत होती, माय, यंदा नको धाडू, दिवाळीपावतर तरी ठेव, तिकडं माह्या अंगावर हात टाकतात. म्या पाय सोडवून घेतले. लोक काय म्हणतीन, कोजागिरीच्या पल्याड लेक ठेवत नसतात, असं म्हटलं. पुढल्या सालाले लवकर आणीन म्हून गोड बोलली. बाई, थे खोटं होतं, मलेही माहीत होतं. आज खोटं नाही बोलत. पुन्हा नाही आणणार तुले. मीच धाडून राह्यली, आन् या बारीनं तू पाय धरले तरी धाडीन."

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मला अनसाचं ते डोळे मिचकावणं आठवलं. त्यामागं काय होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तिनं मूर्ती उखळात निजवली. मुसळ उचललं आणि तसंच वर धरून राहिली. मग डोळे उघडे ठेवून तिनं घाव घातला.

मी यमीला कवटाळलं. प्रत्येक घावाला तिचं अंग चाचपत होते: डोकं आहे, खांदे आहेत, पाय आहेत. तिसऱ्या-चौथ्या घावाला यमीच्या अंगातून झिणझिणी गेली आणि ती जोरात रडायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून ओघळलं, हनुवटीवरून थेंब पडला. गाल तसाच राहिला. चर पडला नाही. मी ओरडले, "आत्याबाई, थांबू नका! कांडा!" हे मीच ओरडले. त्या बाईला तिच्या लेकीचं तोंड कांडायला मी सांगत होते, आणि मला त्या क्षणी जराही वाईट वाटत नव्हतं.

ती कांडत राहिली, खापराचं पीठ होईपर्यंत. फडक्याच्या चारी कोपऱ्यांना धरून तिनं तो भुगा नदीवर नेला, एकटीनं. बरोबर येऊ नका म्हणाली. दिवेलागणीच्या आत परत आली. लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं, आणि फडकं पिळून तिनं दोरीवर वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यमीला न्हाणीत बसवलं. माझा हात उचलेना. शेवटी सासूनंच तांब्या घेतला. पोरीच्या डोक्यावरून पाणी आलं, खांद्यावरून, पाठीवरून. ते निवळ होतं. दुसरा तांब्या, तोही निवळ. हाडं हाताला लागत होती. गालावरच्या ठशाच्या जागी थोडा खोलगट भाग राहिला, तिचं लग्न झालं तेव्हा लोक त्याला खळी म्हणत होते. मी तिथंच ओल्या जमिनीवर बसले आणि हसत सुटले, देवाची नावं घेत, रडत.

मग माझं लक्ष सासूकडं गेलं. ती वाकली होती. न्हाणीच्या तोंडाशी जिथं पाणी साचतं तिथं तिनं हात घातला होता आणि तळ चाचपत होती. वर काढून बोटं चोळून बघितली, पुन्हा हात घातला. मला आधी वाटलं, ती खात्री करून घेते आहे. पण तिनं यमीच्या अंगावर आणखी एक तांब्या ओतला, उगाच, आणि त्या स्वच्छ पाण्याकडं ज्या आशेनं बघितलं ते पाहून माझं हसू थांबलं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "उठा."

"थांब जराशी," ती म्हणाली, आणि पाण्यात अनसाची थोडी तरी लाली दिसते का ते बघत बसली.